अक्षर मागून येतं तेव्हा

मराठी टंकताना डोळे पडद्यावरून हलवता येत नाहीत. इंग्रजीत ज्यांचा हात बसलेला असतो ते शेजारच्या कागदाकडे बघत परिच्छेदच्या परिच्छेद उतरवतात, कारण एकदा उमटलेलं इंग्रजी अक्षर सहसा जागचं हलत नाही. आपलं अक्षर उमटल्यावरही घडत राहतं. इन्स्क्रिप्ट कळफलकावर ‘कार्य’ लिहायला घ्या. आधी ‘का’ येतं. शेजारी ‘र’ येऊन उभा राहतो. हलंताची कळ दाबली की त्याचा पाय मोडतो, आणि ‘य’ दाबताच तो र नाहीसा होऊन य च्या डोक्यावर रफार होऊन बसतो. ‘कि’ लिहिताना तर वेलांटी दाबायची नंतर आणि ती दिसायची आधी. लिहिणाऱ्याला हे सगळं बघत बघतच पुढे जावं लागतं. बोटांनी काय केलं याची पावती डोळ्यांना मिळाली की मगच पुढचं अक्षर.

म्हणून पडदा मागे राहू लागला की मराठी लिहिणाऱ्याची जास्त अडचण होते. हलंत पडला की नाही ते कळत नाही, म्हणून तो पुन्हा दाबला जातो. मग एकदम दोन दिसतात. खोडायला जावं तर बॅकस्पेसही उशिरा पोचते, तोवर ती चारदा दाबलेली असते आणि हलंताबरोबर आधीचं अर्धं अक्षरही जातं. हाताची लय मोडते, आणि त्यापाठोपाठ वाक्यही.

माझी सोलापूरची आत्या अनुवाद करते. शेतीच्या पुस्तिका, यंत्रांच्या माहितीपुस्तिका, अधूनमधून एखादं ललित. नोकरीच्या काळात ईमॅक्स या मजकूर लिहिण्याच्या प्रोग्रॅमशी, म्हणजे संपादकाशी, ओळख झाली, तेव्हापासून तेच तिचं लिहिण्याचं ठिकाण. गेल्या दिवाळीत गेले तर म्हणाली, “अगं, अक्षर माझ्या मागून येतंय हल्ली. मी ओळ संपवते आणि ते अजून मधेच.” तिने आधी एकाला विचारलं होतं. त्याने बघितलंही नाही, नुसतंच सांगितलं की मराठी आहे ना, युनिकोड जड पडतं, होणारच.

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की आता ते ऐकलं की मला राग येतो. फॉर्म भरताना नाव नीट उमटलं नाही, मराठीमुळे. पीडीएफमधून मजकूर उचलता आला नाही, मराठीमुळे. संपादक हळू झाला, तोही मराठीमुळे. तपासायच्या आधीच निकाल. लिपी गुंतागुंतीची आहे हे खरं, त्या गुंत्याला थोडा वेळ लागतो हेही खरं. पण किती लागतो? ते मोजता येतं, आणि मोजल्याशिवाय आपल्या लिपीवर ठपका ठेवू देऊ नये असं माझं ठाम मत आहे.

त्यासाठी आधी पडदा कसा रंगतो ते पाहावं लागतं.

कळ दाबली की ईमॅक्स दोन वेगळी कामं करतो. पहिलं, मजकुरात अक्षर घालणं. हे जवळजवळ फुकटात होतं. दुसरं, बदललेला मजकूर पडद्यावर आणणं, आणि खरी मेहनत इथे असते. ईमॅक्स आधी मनातल्या मनात पडदा कसा दिसायला हवा याचा एक तक्ता मांडतो: कुठल्या ओळीत कुठला आकार, कुठल्या फॉन्टमध्ये, कुठल्या रंगात. सध्या पडद्यावर जे आहे त्याचा दुसरा तक्ता त्याच्याकडे असतोच. दोन्ही ताडून पाहायचे आणि जिथे फरक आहे तेवढंच नव्याने रंगवायचं. हे काम करणारी एकटी फाइल तीस हजारांहून अधिक ओळींची आहे. एक अक्षर टंकलं की एकच अक्षर रंगतं असं आपल्याला वाटतं. वस्तुतः त्या एका अक्षरासाठी ओळ कुठे मोडते, खालच्या ओळी सरकतात का, रंगसंगती बदलते का, खिडकीच्या तळाशी माहिती दाखवणाऱ्या तळपट्टीवरचा मजकूर बदलतो का, हे सगळं दर वेळी विचारलं जातं. पडदा सेकंदाला ६० वेळा ताजा होतो असं धरलं तर एका फेरीला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात उत्तरं आली तर आपल्याला काहीच जाणवत नाही.

या काटकसरीचा इतिहास मला फार आवडतो. १९७६ च्या सुमारास अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात बिल जॉयने व्हीआय हा संपादक लिहायला घेतला, तेव्हा त्याच्या घरचं टर्मिनल ३०० बॉडच्या मोडेमवर होतं. ३०० बॉड म्हणजे सेकंदाला साधारण ३० अक्षरं. २४ ओळी आणि ८० रकान्यांचा पडदा म्हणजे १,९२० जागा. पूर्ण पडदा एकदा रंगवायला ६४ सेकंद, मिनिटाहून जास्त. अशा वेळी एखादी ओळ खोडली म्हणून सगळा पडदा परत पाठवणं परवडणार कसं? मंद टर्मिनलवर व्हीआय खोडलेल्या ओळीच्या जागी नुसतं ॲटचं चिन्ह ठेवायचा आणि बाकीच्या ओळी होत्या तिथेच राहू द्यायचा. लिहिणाऱ्याला गरज वाटली तर त्याने कळ दाबून पडदा नीट करून घ्यावा. जोडणीचा वेग पाहून खिडकीचा आकारही ठरायचा: ६०० बॉड किंवा कमी असेल तर आठच ओळी, १,२०० असेल तर सोळा, त्याहून जास्त असेल तर पूर्ण पडदा. माणूस वाट बघतो आहे याची जाणीव त्या आठ ओळींमध्ये मला स्पष्ट दिसते.

पुढे १९८१ मध्ये जेम्स गॉस्लिंगने युनिक्स या प्रणालीसाठी सी भाषेत आपला वेगळा ईमॅक्स लिहिला. ओळ सरकवणं स्वस्त की पुन्हा लिहिणं स्वस्त, याचा हिशोब प्रत्येक बदलाला मांडून सर्वांत कमी खर्चाचा मार्ग काढणारी पद्धत त्यात होती. तो कोड इतका अवघड होता की त्याच्या डोक्यावर टंकलेल्या चिन्हांनी कवटी आणि हाडं काढून ठेवली होती, आत येणाऱ्याने जपून यावं म्हणून. आजच्या यंत्रांना तारेवरची अक्षरं मोजावी लागत नाहीत, पण कमीत कमी रंगवण्याचा तोच विचार आजही चालू आहे.

आता आत्याचं यंत्र. मी ते ताब्यात घेतलं नाही. ती तिच्या खुर्चीत बसली, मी शेजारी. हळूपणा ज्याला जाणवतो त्याच्याच हातून तो पाहावा. दुसऱ्याने टंकून पाहिलं तर वेग वेगळा, सवयी वेगळ्या, आणि मग ‘मला तर बरं चाललंय’ यापलीकडे काही हाती लागत नाही.

पहिल्यांदा प्रश्न विचारले. सगळ्या फाइलींत होतं का? नाही, मोठ्या अनुवादाच्या फाइलीतच. टंकताना की वरखाली जाताना? दोन्ही, पण टंकताना जास्त. फाइलीच्या सुरुवातीला कमी आणि शेवटी जास्त असं काही? तिने दोन्हीकडे टंकून पाहिलं. सगळीकडे सारखंच. हे उत्तर महत्त्वाचं होतं, कारण लांब परिच्छेदाचा त्रास असता तर जागा बदलली की वेग बदलला असता.

मग खिडकी लहान करायला सांगितली, चार-पाच ओळींपुरती. ही युक्ती मला फार उपयोगाची वाटते. दिसणाऱ्या ओळी कमी केल्यावर वेग सुधारला तर खर्च रंगवण्यात आहे: फॉन्ट, अक्षरजोडणी, रंगसंगती. सुधारला नाही तर कोणीतरी न दिसणाऱ्या मजकुराला हात लावतो आहे. आत्याने चार ओळींच्या फटीत टंकून पाहिलं आणि म्हणाली, “काही फरक नाही गं.” मराठीवरचा आरोप मला तिथेच डळमळीत वाटला. चार ओळींत मराठी ती असून असून किती असणार?

तरी पुराव्यासाठी दुसरी चाचणी घेतली. ईमॅक्समध्ये अक्षरं जोडण्याचं काम बंद करता येतं, ऑटो-कॉम्पोझिशन-मोड बंद केला की झालं. ते बंद करताच पडद्यावरचा मजकूर विस्कटला. जोडाक्षरं सुटी झाली, हलंत पायाशी लोंबू लागले, पहिल्या वेलांट्या आपली जागा सोडून अक्षराच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. आत्या दचकलीच. “हे परत होईल ना?” होतं, लगेच. पण त्या विस्कटलेल्या मजकुरात टंकतानाही अक्षर तितकंच मागून येत होतं.

जोडणीचं हे काम काय असतं ते जवळून बघण्यासारखं आहे. ‘विद्यार्थ्यांच्या’ हा शब्द घ्या. आपण त्यात चार अक्षरं मोजतो: वि, द्या, र्थ्यां, च्या. फाइलीत मात्र ते युनिकोडचे १७ वर्ण असतात, यूटीएफ-८ या साठवण्याच्या पद्धतीत प्रत्येकी तीन बाइट, म्हणजे ५१ बाइट. नुसतं ‘र्थ्यां’ सात वर्णांचं: र, हलंत, थ, हलंत, य, काना, अनुस्वार. त्यातला र ओळीत पहिला असून दिसायचा शेवटी आणि वर, थ अर्धा व्हायचा, काना मागे लागायचा, रफार आणि अनुस्वार एकमेकांवर न आदळता डोक्यावर मावायचे. हे सगळं फॉन्टमधले नियम वाचून करून देणारी हार्फबझ नावाची लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रॅमना वापरता येणारा तयार कोड, आहे. ऑगस्ट २०२० मध्ये आलेल्या ईमॅक्स २७.१ पासून हे काम प्रामुख्याने तिच्याकडे आहे. त्याआधी लिनक्सवर ते जपानमध्ये तयार झालेल्या एम१७एन या लायब्ररीच्या मदतीने चालायचं. केनिची हांदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ईमॅक्सला बहुभाषिक केलं, आणि त्यांच्या त्या कामात देवनागरीलाही जागा होती, हे मराठी लिहिणाऱ्यांनी कृतज्ञतेने लक्षात ठेवावं.

आणखी एक गोष्ट. एकदा जुळवलेलं अक्षर ईमॅक्स जपून ठेवतो. ‘च्या’ एका पानात कितीदा येतो? पहिल्यांदा तो जुळवावा लागतो, त्यानंतर त्याच फॉन्टमध्ये तो आला की जपलेला आकार उचलून ठेवायचा. म्हणजे लिपीचा खर्च आहे, पण बराचसा पहिल्या भेटीतला. फाइल उघडताना क्षणभर थबकायला होतं ते यामुळे असू शकतं, किंवा देवनागरीसाठी कुठला फॉन्ट घ्यायचा हे ठरलेलं नसल्यामुळे. नसेल तर ईमॅक्स यंत्रावरचे फॉन्ट धुंडाळत बसतो. आम्ही तिथल्या तिथे देवनागरीला एक फॉन्ट नेमून दिला. उघडताना थोडं बरं वाटलं. टंकणं होतं तसंच राहिलं.

मग ईमॅक्स तिच्या कुठल्याही सेटिंगशिवाय, ‘क्यू’ पर्याय देऊन, उघडला आणि तीच फाइल आत घेतली. आत्याने एक वाक्य टंकलं, मग दुसरं. माझ्याकडे न बघता ती तशीच टंकत राहिली. मूळ मजकूर तोच, मराठी तीच, फॉन्ट जवळपास तोच, आणि अक्षर बोटाखाली येत होतं. दोष तिच्या सेटिंगच्या फाइलीत होता, एवढं नक्की झालं.

इथून पुढे लोक सेटिंगच्या ओळी एकेक बंद करून पाहतात. निम्म्या बंद करा, फरक पडला का बघा, उरलेल्यांच्या निम्म्या बंद करा. हा रस्ता खात्रीचा आहे, वेळही फार लागत नाही. पण ईमॅक्समध्ये २०१३ पासून, म्हणजे २४.३ या आवृत्तीपासून, वेळ कुठे जातो ते सांगणारा प्रोफायलर आहे, आणि तो हाताशी असताना चाचपडायचं कशाला? प्रोफायलर-स्टार्ट दिलं, सीपीयू निवडलं आणि आत्याला म्हटलं, “तू तुझं काम कर. पुस्तिकेचा पुढचा परिच्छेद घे.” तिने ठिबक सिंचनाच्या नळ्यांवरचा एक परिच्छेद पूर्ण केला. मग प्रोफायलर-रिपोर्ट.

अहवाल झाडासारखा उघडतो. प्रत्येक फांदीवर कामाचं नाव आणि त्याने खाल्लेल्या वेळाची टक्केवारी. सगळ्यात जाड फांदी रीडिस्प्ले-इंटर्नल, म्हणजे पडदा रंगवण्याची. पुष्कळ जण इथेच थांबतात आणि म्हणतात, बघा, रंगवणंच हळू आहे. पण ती फांदी उलगडली पाहिजे. आम्ही उलगडली. तिच्या पोटात जवळजवळ सगळा वेळ एकाच ठिकाणी जात होता: काउंट-वर्ड्स.

“आत्या, तळपट्टीत शब्द मोजायला लावलेस का कधी?”

“हो मग! मला पैसे शब्दांवर मिळतात. किती झाले ते समोर दिसायला हवेत ना.”

तळपट्टीवर, फाइलीच्या नावाशेजारी, शब्दसंख्या दिसत होतीच, आणि इतकी सवयीची की दोघींनाही ती वेगळी दिसली नव्हती. तळपट्टीत कोड ठेवता येतो आणि तळपट्टी रंगताना तो दर वेळी चालतो. आता ती रंगते कधी? त्यात बदल असेल तेव्हा. आत्याच्या तळपट्टीवर रकान्याचा क्रमांकही होता. अक्षर टंकलं की रकाना बदलतो, रकाना बदलला की तळपट्टी नव्याने मांडावी लागते, ती मांडताना शब्दसंख्येचा कोड चालतो आणि तो पूर्ण पुस्तिका पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत मोजतो. प्रत्येक अक्षराला. हलंतालासुद्धा. म्हणूनच फाइलीत कुठेही टंकलं तरी त्रास सारखा होता आणि खिडकी लहान करून फरक पडला नव्हता. मोजणाऱ्याला खिडकीशी देणंघेणं नव्हतं.

शब्दसंख्या काढून टाकणं हा उपाय मला मान्य नव्हता. तिचं ते उपजीविकेचं माप आहे. मोजणी वेगळी केली: दोन सेकंद हात थांबला की ईमॅक्सने शब्द मोजावेत आणि आकडा एका चलात ठेवावा, तळपट्टीने तो नुसता वाचून दाखवावा. टायमरच्या दोन-तीन ओळींचं काम. सेटिंग पुन्हा वाचून घेतलं आणि आत्याने टंकून पाहिलं. काही बोलली नाही, परिच्छेद संपेपर्यंत थांबलीही नाही. मग तळपट्टीकडे पाहिलं, आकडा पुढे सरकला, आणि म्हणाली, “आता कसं अंगाला लागून येतंय.”

बाकीचं किरकोळ होतं, पण प्रोफायलर पुन्हा लावला तेव्हा स्वच्छ दिसलं. डावीकडचे ओळींचे क्रमांक जुन्या लाइनम-मोडचे होते. तो प्रत्येक आज्ञेनंतर दिसणाऱ्या ओळींवर आकड्यांच्या चिठ्ठ्या नव्याने लावत बसतो. २०१८ च्या २६.१ पासून हे काम रंगवणाऱ्या यंत्रणेच्या आतच होतं, डिस्प्ले-लाइन-नंबर्स-मोड त्याचं नाव, आणि ते कितीतरी हलकं आहे. दुसरं, दिशेचं. २०१२ च्या २४.१ मध्ये ईमॅक्स उजवीकडून डावीकडे चालणाऱ्या लिप्याही दाखवू लागला. फार मोलाचं काम आहे ते. त्यासाठी प्रत्येक परिच्छेदाची दिशा ठरवावी लागते, दिशा ठरवायला परिच्छेदाची सुरुवात शोधावी लागते, आणि परिच्छेद म्हणजे दोन रिकाम्या ओळींच्या मधला मजकूर. आत्याच्या फाइलीत रिकाम्या ओळी जवळपास नव्हत्याच. मराठी आणि इंग्रजीपुरतं लिहिणाऱ्याने दिशा डावीकडून उजवीकडे अशी नेमून दिली की हा शोध वाचतो. उर्दू किंवा हिब्रू लिहिणाऱ्याने मात्र ते करू नये.

एक दुखणं मात्र उरलं, आणि ते खरंच रंगवण्याचं आहे. काही ग्राहक मूळ मजकूर अशा रूपात पाठवतात की पूर्ण प्रकरण एकाच ओळीत असतं, मधे एकही ओळतोड नाही. पडद्यावर ती ओळ घड्या पडून दिसते, म्हणून वाचणाऱ्याच्या लक्षात येत नाही. पण अमुक घडी कुठे सुरू होते हे ईमॅक्सला कळायचं तर मागच्या ओळतोडीपर्यंत जाऊन तिथून एकेक अक्षराची रुंदी मोजत पुढे यावं लागतं. ओळ मराठी असेल तर मोजताना जोडाक्षरंही जुळवावी लागतात. म्हणजे इथे लिपीचा वाटा आहे, आणि तो मी लपवणार नाही. इंग्रजीतली इतकीच लांब ओळ थोडी कमी छळते. पण छळते तीही, कारण मूळ ओझं ओळीच्या लांबीचं आहे. २०२३ च्या २९.१ मध्ये यावर मोठं काम झालं. ५०,००० वर्णांहून लांब ओळ दिसली की ईमॅक्स संपूर्ण ओळ न चालता आसपासच्या तुकड्यापुरतंच पाहतो.

आत्याकडे अजून ईमॅक्सची २७ वी आवृत्ती आहे. आवृत्ती बदलायचं पुढच्या खेपेला ठरलं आहे, कारण तोवर हाती घेतलेली पुस्तिका द्यायची आहे आणि मधेच यंत्राशी खेळ नको असं तिचं म्हणणं, जे रास्त आहे. तोवर मजकूर आला की ती पूर्णविरामानंतर ओळ तोडून घेते. त्याचा तिला एक वेगळाच फायदा झाला, फोनवर सांगत होती: एका ओळीत एक वाक्य असल्यामुळे मुळातलं एखादं वाक्य अनुवादातून सुटलं तर आता लगेच दिसतं.